चालणाऱ्या पावलांचा खेळ : तंजावरचे तीन दिवस

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेत मी बाकावर उभे राहण्याची शिक्षा अनेकदा भोगली, त्याच शाळेने आज मला बोलण्यासाठी उभे केले आहे. हा सन्मान मी नम्रपणे स्वीकारतो. मी पंडित नाही. भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून आयुष्य गेले. शंकू साखळी, फळी आणि दुर्बीण घेऊन उन्हातान्हात शेतांचे बांध मोजणे हा माझा व्यवसाय होता. त्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडली : जमीन समजून घ्यायची तर ती पायांखालून गेली पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा विषयही पायांचाच आहे. सहकुटुंब पायी फिरत, हातातल्या मोबाइलच्या साहाय्याने खेळायचे काही नवे खेळ निघाले आहेत. तसा एक खेळ आमच्या घराने गेल्या नाताळच्या सुटीत तंजावरला आणि तिथून जवळच्या समुद्रकिनारी खेळून पाहिला. त्यात आम्ही काय गमावले आणि काय मिळवले, एवढेच मी सांगणार आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगतो. नकाशावर दहा-बारा ठिकाणे ठरवायची. प्रत्येक ठिकाणासाठी एक प्रश्न लिहायचा. खेळणारे त्या जागेच्या जवळ पोचले की मोबाइलवर तो प्रश्न उघडतो. उत्तर बरोबर आले की पुढच्या ठिकाणाची खूण मिळते. समुद्रकाठच्या विश्रामस्थळी, जुन्या शहरांत, किल्ल्यांवर सुटी घालवायला आलेल्या कुटुंबांसाठी जगभर असे खेळ तयार केले जातात. ते आपले आपण रचता यावेत अशी साधनेही आता उपलब्ध आहेत.

यात अगदी नवे असे थोडेच आहे. इंग्लंडच्या डार्टमूर या ओसाड पठारावर १८५४ मध्ये एका वाटाड्याने दुर्गम जागी एक बाटली ठेवली. चालत तिथे पोचणाऱ्याने आपली चिठ्ठी तिच्यात टाकावी, असा संकेत पडला आणि त्यातून शोधयात्रांची एक परंपराच जन्माला आली. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. सामान्य माणसाला आपली जागा काही मीटरच्या अचूकतेने कळू लागली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाने एक डबा दडवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ या खेळाने लाखो मुलांना हातात मोबाइल देऊन रस्त्यावर आणले. आणि आपल्याच शाळेच्या मैदानावर स्काऊटच्या तासाला आम्ही मागोवा खेळत होतो, तो तरी दुसरे काय होते? खडूचा बाण, दगडावर दगड, पानाच्या देठाला बांधलेली दोरी. फरक इतकाच, की तेव्हा खूण जमिनीवर असे. आज ती आकाशातून येते.

तंजावरच का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. घरातली चार माणसे चार गोष्टींसाठी निघाली होती. सौभाग्यवतींना बृहदीश्वराचे दर्शन हवे होते, मुलाला समुद्र हवा होता, नातवंडांना सुटी हवी होती. मला मात्र एक जुना हिशेब पुरा करायचा होता. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ मध्ये मद्रासला झाला. त्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८०८ मध्ये तंजावरला आला. सभोवती सपाट भातशेती, टेकडी नाही. दूरवरच्या खुणा दिसाव्यात म्हणून त्याने आपले सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र थोरल्या देवळाच्या शिखरावर चढवायला घेतले. दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने हार मानली नाही. सहा आठवडे तंबूत बसून त्याने ते वर्तुळ ठोकून, ओढून पुन्हा गोल केले आणि मोजणी पुढे नेली. माझ्यासारख्या मोजणीदाराला ती भिंत एकदा डोळ्यांनी पाहायची होती.

खेळ रचला आमच्या सूनबाईंनी. त्या पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करतात. त्यांनी घरी बसून नकाशावर ठिकाणे टिपली आणि प्रश्न लिहिले. आम्ही सहा जण : आम्ही दोघे, मुलगा, सून, इंग्रजी माध्यमात सातवीत शिकणारा नातू आणि मराठी शाळेत चौथीत शिकणारी नात.

पहिल्या दिवशी राजवाडा घेतला. खेळ साफ फसला, हे प्रामाणिकपणे सांगतो. सूनबाईंनी उत्तरासाठी वेळ लावून दिली होती. मोबाइल अर्थातच नातवाच्या हाती गेला. तो पुढे धावला, त्याच्यामागे त्याचा बाप आणि बापामागे रडकुंडीला आलेली नात. सौभाग्यवती गुडघे धरून एका पायरीवर बसल्या. दरबाराच्या दालनात सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा आहे. तिथला प्रश्न होता, ‘राजे गादीवर कोणत्या साली आले?’ नातवाने पुतळ्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. मोबाइलवरच शोधले, ‘१७९८’ असे लिहिले, गुण मिळवले आणि तो निघाला. मी मागाहून पोचलो तेव्हा राजे हात जोडून उभे होते. ज्यांना नमस्कार करायचा ते केव्हाच पुढे गेले होते.

त्या रात्री उतरण्याच्या जागी गच्चीवर आमची सभा भरली. आजींनी पहिले भाषण केले आणि ते सर्वांत छोटे होते : “हा खेळ घराचा नाही, घोड्याचा आहे.” त्यावर विचार करून आम्ही तीन नियम केले. आजच्या व्याख्यानातून काही घरी न्यायचे असेल तर हेच न्यावे.

पहिला नियम : मोबाइल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या हाती. म्हणजे तो आजींकडे गेला. त्यांची पावले पोचल्यावाचून प्रश्न उघडणार नाही. मग धावून उपयोग काय?

दुसरा नियम : ज्याचे उत्तर मोबाइलवर सापडते तो प्रश्न बाद. उत्तर त्या जागी उभे राहून, पाहून, मोजून किंवा कोणाला तरी विचारूनच मिळाले पाहिजे.

तिसरा नियम : घड्याळ नाही. उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, फक्त पुन्हा पाहावे लागते.

सूनबाईंनी रात्री जागून निम्मे प्रश्न बदलले. पुतळ्याचा नवा प्रश्न असा झाला : ‘राजांचे हात काय करीत आहेत?’ दुसऱ्या दिवशी नातू स्वतःहून म्हणाला, “आजोबा, आपण तिथे परत जाऊ या का?” देवळाकडे जाण्यापूर्वी आम्ही पुन्हा राजवाड्यात शिरलो. साल सांगणारा मुलगा आता पुतळ्यासमोर उभा राहून त्याच्याकडे पाहत होता.

मित्रहो, प्रश्न बदलला की पाहणे बदलते. ही गोष्ट सरफोजी राजांना आपल्या आधी दोनशे वर्षे कळली होती. १७९९ च्या तहाने त्यांच्या हातून राज्यकारभार गेला. उरला किल्ला, उरले ग्रंथ. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. चार हजारांहून अधिक युरोपीय पुस्तके आणवली. तिथे आजही मराठीची हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत, शिवाय मोडीतील कागदांचे रुमाल वेगळेच. मुलांसाठी इसापाच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तंजावरात १८०६ मध्ये छापले गेले. महाराष्ट्रातल्या शाळांत छापील मराठी पुस्तक पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! राजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचे एक मराठी नाटकही रचले. त्यात गावोगाव हिंडून भविष्य सांगणारी कोरवंजी येते आणि जगाचा भूगोल सांगते. भूगोल शिकवायचा तर गाणे, नाच आणि हिंडणारी बाई हवी, हे त्या राजाला उमगले होते. सूनबाईंच्या मोबाइलला आजींनी त्या दिवसापासून ‘कोरवंजी’ असेच नाव ठेवले. “विचारा तुमच्या कोरवंजीला, आता कुठे जायचे!”

कोरवंजीने आम्हाला थोरल्या देवळात आणले. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. त्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. आमचा प्रश्न होता : ‘सावली शोधा आणि तिच्यात उभे राहा.’ साडेदहाच्या सुमारास नातवंडे अनवाणी पळत पळत सावलीत जाऊन उभी राहिली. सावली होती, चांगली लांबरुंद होती. मग माझ्यातला मोजणीदार जागा झाला. आजींची काठी उभी धरून तिची सावली पावलांनी मोजली, विमानाचीही मोजली. तळाची निम्मी रुंदी त्यात मिळवावी लागते, कारण शिखराचा मध्य भिंतीच्या आत असतो, हे नातवाला समजावले. त्रैराशिक मांडले. उत्तर ढोबळ होते, पण दोनशे फुटांच्या वर आले. एक दंतकथा गेली आणि तिच्या जागी शिखराची खरी उंची मुलांच्या मनात बसली. मला वाटते, राजराजाचा अपमान झाला नाही. त्याचा मान वाढला.

तिथेच एक गंमत झाली. विमानाच्या अगदी जवळ गेल्यावर कोरवंजीची मती गुंग झाली. आम्ही दक्षिणेस उभे, तर ती आम्हाला उत्तरेस दाखवी. मोबाइलला आपली जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. उंच दगडी भिंतीमुळे आकाशाचा मोठा भाग झाकला जातो आणि काही संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतात. म्हणून ही चूक होते. मी नातवाला म्हटले, “याच देवळाने दोनशे वर्षांपूर्वी लॅम्बटनचे यंत्र वाकवले होते. आज तुमचे वाकवले. देऊळ तेच, शिष्य नवे!”

देवळाच्या भिंतींवरचे चोळकालीन तमिळ लेखही आम्ही पाहिले. वाचता कोणालाच येत नव्हते. पण त्यांत काय आहे ते सूनबाईंनी टिपून आणले होते. राजराजाने देवळाच्या सेवेसाठी चारशे नर्तकी आणून वसवल्या. त्या प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आली ते, आणि तिला कोणत्या आळीतल्या कोणत्या रांगेतले कितवे घर दिले ते दगडावर कोरून ठेवले आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे पत्ते! नात म्हणाली, “म्हणजे हा दगडाचाच नकाशा झाला.” मी तिचे वाक्य सुधारले नाही.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी खरे तर आज उभा राहिलो आहे.

देवळाच्या प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या ओवरीत भिंतीवर एक प्रचंड मराठी शिलालेख आहे. सरफोजी राजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये तो कोरला गेला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात सांगितला आहे. अक्षर बाळबोध आहे, म्हणजे आपल्या शाळेत गिरवले जाते तेच. कोरवंजीचा प्रश्न सोपा होता : ‘तुम्हाला वाचता येणारे एक नाव शोधा.’

नातू पुढे गेला. अक्षरे त्याला येतात. घरी मराठीच बोलतो. पण वाचनाची सवय नाही. दोन-चार अक्षरांवर अडला आणि ‘हे फार जुने आहे’ असे म्हणून मागे सरला. नात भिंतीपाशी गेली. बोट हवेत धरून, दगडाला न लावता, ती एकेक अक्षर लावू लागली. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते तिला कळत नव्हते. पण ती थांबत नव्हती. चौथीच्या मुलांना मोठ्याने वाचायची सवय असते, तसे ती मोठ्याने वाचत होती.

ओवरीच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते उठून जवळ आले. कपाळी भस्म, पांढरे शुभ्र धोतर. मला वाटले, ते तमिळमध्ये काही सांगतील. ते मराठीत बोलले. त्या मराठीला तमिळचा हेल होता आणि काही शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे होते. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तंजावरचे. घरात आजही मराठी बोलतात. त्यांनी नातीला विचारले, “बाळ, तुला हे वाचता येते?”

“थोडे थोडे येते,” ती म्हणाली. “तुम्हाला?”

ते हसले. “मला बोलता येते. आमची शाळा तमिळ. माझ्या आजोबांना मोडी येत होती, बापाला थोडी आली, माझ्यापर्यंत काहीच आले नाही. लहानपणापासून या भिंतीपाशी येतो. आपली भाषा आहे एवढे ठाऊक आहे. काय लिहिले आहे, ते कोणी वाचून दाखवले तर कळेल.”

मग जे घडले त्याला खेळ म्हणावे की काय, मला ठाऊक नाही. नात अक्षरे वाचत गेली. वृद्ध गृहस्थ डोळे मिटून ऐकत गेले. तिने ‘ए’, ‘को’ अशी अक्षरे जुळवली आणि तिथे ती अडखळली. तिच्या पुस्तकात हे नाव नव्हते. गृहस्थांनी डोळे न उघडता ते पुरे केले : “एकोजी. एकोजी राजे.” नातीने आमच्याकडे पाहिले. तेव्हा मागे सरलेला नातू पुढे आला. “म्हणजे व्यंकोजी! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ!” आपल्या पुस्तकांत ते व्यंकोजी असतात, तंजावरला एकोजी. एकाच माणसाच्या दोन नावांची गाठ त्या भिंतीपाशी पडली. एकीला अक्षर येत होते, एकाला शब्द येत होता, एकाला इतिहास येत होता. तिघांपैकी एकट्याने कोणालाच ती ओळ लागली नसती.

आम्ही तिथे किती वेळ होतो, ते कोणी पाहिले नाही. आजींच्या हातातला मोबाइल केव्हाच झोपी गेला होता. निघताना गृहस्थांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हणाले, “घरी बोलले म्हणजे भाषा राहते, असे आम्ही समजत होतो. बोलणे राहिले. वाचणे गेले.” आणि थोडे थांबून, “शाळा नव्हती ना.”

मित्रहो, हे वाक्य मी तंजावरहून तुमच्यासाठी आणले आहे. जिथे १८०६ मध्ये मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले, त्या गावातला मराठी माणूस मराठी भिंतीपुढे निरक्षर ठरतो. हा त्याचा दोष नाही. त्याने तर पावणेदोनशे वर्षे राज्यावाचून भाषा घरात जिवंत ठेवली. आपल्याला ते जमले असते की नाही, कोण जाणे. पण घर भाषेला जिवंत ठेवते, वाचती ठेवत नाही. ते काम शाळेचे आहे. आपल्याकडे मराठी शाळा आहेत म्हणून आपण निश्चिंत आहोत. पण माझ्याच घरात, महाराष्ट्राच्या मध्यभागी, एक मुलगा त्या भिंतीपासून मागे सरला. तंजावर आपण समजतो तितके दूर नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र. तंजावरच्या दक्षिणेस साठ-पासष्ट किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळ, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास एक षट्कोनी, आठ मजली इमारत बांधली. तिथले पाणी उथळ आणि शांत आहे. कोकणातल्यासारखी लाटांची गर्जना नाही. मुलांनी मनसोक्त पाय भिजवले. कोरवंजीचा प्रश्न होता : ‘येथील माणसांना या इमारतीचे नाव विचारा.’ जाळी उन्हात घालणाऱ्या एका कोळ्याला नातीने खुणेने विचारले. तो म्हणाला, “मनोरा.” ती चकित झाली. “आजोबा, हा तर आपला शब्द!” तिला राजवाड्यातली सार्जा माडी आठवली. तिथे ‘माडी’ हा शब्द आपला की तमिळचा, यावर वाद झाला होता आणि दोघांचाही, असा निकाल लागला होता. मनोरा मात्र आमचाच, असे तिने जाहीर करून टाकले. त्या कोळ्याला तो तमिळच वाटत असेल. त्यालाही कोणी खोटे ठरवू नये.

मनोरा कशासाठी बांधला, ते मुलांना सांगणे मात्र मला अवघड गेले. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक आहे. नातू बराच वेळ समुद्राकडे पाहत बसला. मग म्हणाला, “ज्यांनी त्यांचे राज्य घेतले, त्यांच्या विजयाचा मनोरा त्यांनी का बांधला?” सूनबाईंनी मोबाइल काढला आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला. मी म्हटले, “हा प्रश्न आपण खेळात घालू. याचे उत्तर कोणालाच लगेच येणार नाही.” आमच्या खेळातला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे. तो यंत्राने विचारला नाही. तीन दिवस चालून, पाहून, ऐकून एका मुलाच्या मनात तो तयार झाला. पहिल्या दिवशी गुणांसाठी धावणारा तो हाच मुलगा.

या खेळांची एक बाजू सावधगिरीची आहे, तीही सांगतो. मोबाइलकडे पाहत रस्ता ओलांडू नये. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, कोणाच्या अंगणात प्रश्न ठेवताना तिथल्या रीतीचा मान राखावा. जिथे छायाचित्राला मनाई आहे तिथे छायाचित्र मागणारा प्रश्न घालू नये. जुन्या दगडाला हात लावायला सांगू नये. उन्हाची वेळ टाळावी. आणि घरातले सर्वांत म्हातारे व सर्वांत लहान माणूस जेवढे चालेल, तेवढीच वाट आखावी. माझ्या मोजणीच्या अनुभवाने सांगतो, दोन किलोमीटर पुरे होतात.

आता शेवटचे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला काय द्यावे, असे संयोजकांनी माजी विद्यार्थ्यांना विचारले आहे. कोणी खोल्या देईल, कोणी संगणक देईल. ते सारे हवेच आहे. माझी विनंती एवढीच, की या वर्षी आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या गावासाठी असा एक चालण्याचा खेळ रचावा. वेशीवरचा वीरगळ, जुन्या आडाची बांधणी, बाजारपेठेतल्या माडीचे नक्षीदार खांब, देवळाच्या पायरीवर कोरलेली नावे, आपल्या शाळेची पहिली खोली : एवढी ठिकाणे पुरेत. प्रश्न मुलांनी लिहावेत, मराठीत लिहावेत, आणि प्रत्येक प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर मोबाइलवर नसून गावातल्या कोणा आजी-आजोबांकडे असेल. खेळायला इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही बोलवा. त्यांना हसू नका. त्यांच्या शेजारी उभे राहून वाचा. माझ्या नातीने भावाला तसेच वाचून दाखवले. परत आल्यापासून रोज रात्री अर्धे पान तो तिच्याकडून वाचून घेतो. आता कधीकधी स्वतःच वाचतो. चुकतो, पण थांबत नाही.

ठिकाणे मोजायला आणि अंतरे आखायला एक निवृत्त मोजणीदार विनामूल्य उपलब्ध आहे. शंकू साखळी त्याच्या माळ्यावर आहे. मुलांनी यावे, आपण ती उतरवू.